राखणदार कोण?

पुणें जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यांत, हिंजवडीपासून थोड्याच अंतरावर, जांबे नांवाचें एक गांव आहे. समुद्र येथून कित्येक कोस दूर. मध्यें सह्याद्रीची भिंत उभी. ज्या वनाविषयीं आज आम्ही लिहिणार आहों त्याचें एकहि झाड ह्या गांवाच्या शिवारांत नाहीं, व असणें शक्यहि नाहीं. कारण खारफुटी ही भरती-ओहोटीच्या पाण्यावर, खाडीच्या चिखलांत वाढणारी वनस्पति आहे. तेव्हां तिच्या रक्षणाचा विचार जांब्यापासून कां सुरू करावा, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें कारण असें कीं ह्या विषयांतील जो नैतिक प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आम्हांस खाडीच्या कांठीं सुचला नाहीं. जांब्यांतील एका घराच्या ओसरीवर, एका वृद्ध बाईंच्या तोंडून तो आम्हीं प्रथम ऐकला.

एका श्रावणांत आम्ही तेथें आमच्या एका स्नेह्यांकडे गेलों होतों. त्यांचे चिरंजीव उपग्रहांनीं घेतलेल्या छायाचित्रांवरून भूमीचे नकाशे करण्याच्या उद्योगांत आहेत. कोंकणच्या किनाऱ्यावर खारफुटी कोठें वाढली व कोठें घटली हें ते आम्हांस संगणकाच्या पडद्यावर दाखवीत होते. एक चित्र कांहीं वर्षांपूर्वींचें, दुसरें अलीकडचें; जेथें पूर्वीं करडा रंग होता तेथें आतां गर्द हिरवा. "काका, हें पाहा, रान परत येतंय," असें ते मोठ्या उत्साहानें म्हणाले, व आम्हांसहि बरें वाटलें. त्यांच्या आजी जवळच तांदूळ निवडीत बसल्या होत्या. वय नव्वदीच्या आंतबाहेर. त्यांनीं चष्मा सांवरून पडद्याकडे पाहिलें आणि विचारलें, "तें हिरवं दिसतंय ना, त्याच्या खालीं आधीं काय होतं रे? कुणाचं शेत-बित नव्हतं ना?" नातवापाशीं ह्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें, कारण तें त्या चित्रांत नव्हतें.

आजींचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्यांच्या वडिलांचें घर व भातखाचरें मुळशीच्या धरणाखालीं गेलीं होतीं, आणि त्या घराच्या गोष्टी ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. वर काय दिसतें ह्यापेक्षां खालीं काय गेलें हें आधीं विचारण्याची संवय त्यांस बाळपणींच लागली होती.

मुळशीची हकीकत पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. तरी प्रस्तुत विषयाशीं तिचा दुहेरी संबंध असल्यामुळें ती थोडक्यांत सांगतों. मुळा नदी स्वभावतः पूर्वेकडे वाहणारी. जांब्याच्या शिवारांत पडलेला पाऊस पवनेला मिळो वा मुळेला, दापोडीजवळ ह्या दोन्ही नद्या एक होतात. पुढें मुठेचा संगम, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटीं आंध्र प्रदेशांत हंसलदीवीजवळ बंगालचा उपसागर. कृष्णेच्या त्या मुखाशीं खारफुटीचें विस्तीर्ण वन आहे. परंतु वर मुळशीपाशीं टाटांच्या वीज कंपनीनें मुळेस धरण बांधलें, व अडविलेलें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम अंगास, भिरा येथील वीजघरावर, सोडलें. वीज निर्माण करून तें पाणी कुंडलिका नदींत जातें, व रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीस मिळतें. म्हणजे जो पाऊस पूर्वसमुद्राकडे जावयाचा तो मनुष्याच्या विद्येनें पश्चिमसमुद्राकडे वळविला. रेवदंड्याच्या खाडीकांठीं आज जें कांदळवन उभें आहे त्याच्या मुळांशीं मावळांतील गोडें पाणी पोंचतें. मुळशीच्या लोकांना समुद्र दिसत नसला तरी ते ह्या वनाचे शेजारी आहेत. आणि हें शेजारपण यंत्रानें जुळविलेलें आहे.

हा झाला एक संबंध. दुसरा अधिक खोल आहे. १९२१ च्या रामनवमीस मुळशी पेट्यांतील शेतकऱ्यांनीं ह्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट हे त्याचे पुढारी म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. सुमारें पन्नास गांवांच्या जमिनीचा प्रश्न होता. लढा १९२४ पर्यंत चालला, लोकांनीं तुरुंग भोगले, आणि अखेर धरण पुरें झालें. वीज मुंबईस गेली. जमिनी मावळ्यांच्या गेल्या. त्या वेळीं धरणाच्या बाजूनें जें बोललें जाई त्याचा सारांश एवढाच कीं, हें लोकहिताचें काम आहे, थोड्यांनीं पुष्कळांसाठीं झीज सोसली पाहिजे. तें हित खोटें नव्हतें. परंतु झीज कोणी सोसावी हें ज्यांना ती सोसावयाची नव्हती त्यांनीं ठरविलें, हा त्यांतील अन्याय होता. आकाशांतून पाहिलें असतां मुळशीचा जलाशय फार सुंदर दिसतो.

आतां वनाकडे वळूं. आमच्या किनाऱ्यावर तिवर, कांदळ, चिप्पी हीं खारफुटीच्या वर्गांतील नेहमींचीं झाडें. तिवराच्या भोंवतीं चिखलांतून बोटांसारखीं मुळें वर आलेलीं असतात. पाण्यानें गच्च झालेल्या चिखलांत हवा नसल्यामुळें झाड त्या मुळांच्या वाटे श्वास घेतें. कांदळाचें बीज झाडावर असतांनाच अंकुरतें व लांब शेंगेसारखें लोंबूं लागतें. मग तें गळून चिखलांत रुततें, किंवा भरतीबरोबर दुसरा कांठ शोधावयास जातें. मुळांच्या जाळ्यांत गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो, मासळीचीं व कोळंबीचीं पिलें आसरा घेतात. १९९९ सालीं ओडिशावर जें महावादळ आलें त्यानंतर केंद्रापाडा जिल्ह्यांतील गांवांचा अभ्यास झाला, तेव्हां ज्या गांवांपुढें खारफुटीचा पट्टा रुंद राहिला होता तेथें मृत्यु कमी झाले असें आढळून आलें. झाडांच्या ह्या रांगेनें माणसांचे प्राण वांचविले, इतकी ही गोष्ट स्पष्ट आहे.

आमच्या शहरांना मात्र ह्या वनाचें मोल उशिरां कळलें. शतकभर तीं खाडीचा चिखल म्हणजे भराव घालण्याची जागा असेंच समजत आलीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीच्या मुखाशीं ज्या सखल भूमीवर पाण्यानें पसरावयाचें त्या भूमीवर भराव घालून इमारती उठल्या होत्या. पाणी घरांत शिरलें. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानें एका जनहितार्थ अर्जावर हुकूम देऊन राज्यांतील खारफुटीच्या तोडीस बंदी केली, तिच्या भोंवतालच्या पन्नास मीटरांत बांधकामास मनाई केली, व उपग्रहाच्या चित्रांवरून तिचे नकाशे करावयास सांगितलें. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालांत खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असें न्यायालयानें ठरविलें. मध्यंतरीं २०१२ सालीं राज्याच्या वनखात्यांत कांदळवनासाठीं स्वतंत्र कक्ष निघाला, आणि २०२० सालीं पांढऱ्या चिप्पीस राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांत महाराष्ट्राचें कांदळवन २०१३ सालीं १८६ चौरस किलोमीटर दाखविलें होतें. २०१७ च्या अहवालांत तें ३०४ झालें. हीं कामें ज्यांनीं केलीं त्यांचे आम्ही ऋणी आहों, आणि पुढें जें लिहीत आहों तें त्यांच्या कामाविरुद्ध नव्हे.

परंतु आजींचा प्रश्न मनांतून जाईना. पौषांत आम्ही मुद्दाम रेवदंड्याकडे गेलों, व तेथून अलिबाग व पेण तालुक्यांतील खारेपाटांत हिंडलों. खारेपाट म्हणजे पिढ्यान् पिढ्या बांध घालून खाडीपासून मिळविलेली भातजमीन. मातीच्या बांधाला ठिकठिकाणीं उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीला त्यांतून शेतांतलें पावसाचें पाणी बाहेर जातें, भरतीला त्या मिटून खारें पाणी आंत येऊं देत नाहींत. बांधाच्या बाहेरच्या अंगास तिवरांची रांग असली म्हणजे लाट बांधावर थेट आपटत नाहीं. म्हणून जुना शेतकरी बाहेरच्या तिवरांस आपले समजे. त्यांचा पाला गुरांना घाली, वाळल्या फांद्या चुलीस नेई, पण रांग मोडूं देत नसे. आंतल्या बाजूस मात्र तिवर दिसलें कीं तें उपटावें, कारण तेथें तें आलें म्हणजे खारें पाणी आलें. एकच झाड बांधाच्या एका बाजूस रक्षक आणि दुसऱ्या बाजूस आपत्तीचें चिन्ह: हें ज्ञान त्या लोकांना कोणा शास्त्रज्ञानें शिकविलेलें नव्हतें.

एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस फुटलेल्या बांधावर नेलें. समोर दाट तिवरें उभीं होतीं, बगळे बसले होते; दृश्य मनोहर होतें. तो म्हणाला, "ह्या तिवरांच्या जागीं माझा भात व्हायचा. उधाणाला बांध फुटला. दुरुस्तीसाठीं अर्ज केले, खेपा घातल्या. दोन-तीन पावसाळे तसेच गेले, आणि मग हीं उगवलीं. आतां तोडायचीं नाहींत, असा कायदा आहे म्हणतात. नाहीं तोडत, साहेब. पण सातबारा अजून माझ्याच नांवावर आहे. रान सगळ्यांचं झालं, नुकसान तेवढं माझं राहिलं."

आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं पडद्यावर दाखविलेली हिरवाई प्रत्येक ठिकाणीं अशीच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तें खरोखरच परत आलेलें रान आहे. कोठें तोड थांबल्यामुळें, कोठें लागवडीमुळें, कोठें नव्या गाळावर आपोआप उगवलेलें. तथापि उपग्रहाच्या दृष्टीस तें सर्व सारखेंच हिरवें. वन राखण्याच्या आमच्या उत्साहांत आपण आणखी एक लहानशी मुळशी तर करीत नाहीं ना, हा प्रश्न आजींनीं विचारला होता व शेतकऱ्यानें तोच दुसऱ्या शब्दांत विचारला. प्रश्न असा कीं, जें कार्य निःसंशय चांगलें आहे त्याचा भार कोणावर पडतो हें न पाहतां तें केलें, तर तें चांगलें राहतें काय?

यावर कोणी म्हणेल, वन हें सर्वांच्या जीविताचा आधार आहे असें न्यायालयानेंच सांगितलें; मग चार-दोन एकरांच्या मालकासाठीं तो आधार तोडूं द्यावा काय? आमचें उत्तर असें कीं तोडूं देऊं नये. एकदां वाढलेली खारफुटी, विशेषतः फुटक्या बांधाच्या आंतली, आज पाण्याचें काम करूं लागलेली असते, व ती तोडून भाताचें शेत परत येईलच असेंहि नाहीं. पण न तोडणें हें एक कर्तव्य झालें, आणि ज्याचें शेत गेलें त्यास त्याचें मोल देणें हें दुसरें. पहिलें पाळलें म्हणून दुसऱ्यांतून सुटका होत नाहीं. ज्या वनापासून मुंबईपासून जांब्यापर्यंत सर्वांस लाभ होतो असें आपण म्हणतों, त्याची किंमत एका कुळानें एकट्यानें द्यावी हा हिशोब कोणत्या धर्मांत बसतो?

आणखी एक विपरीत गोष्ट आहे. मोठ्या कामांना ह्या वनांतून वाट मिळते. ९ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबई-अहमदाबाद वेगवान आगगाडीच्या मार्गासाठीं सुमारें २० हजार खारफुटींच्या तोडीस उच्च न्यायालयानें अटींसह परवानगी दिली. सार्वजनिक गरज पुढें मांडून, न्यायासनासमोर बाजू मांडून, बदल्यांत लागवडीचें वचन देऊन ती मिळाली. ती योग्य कीं अयोग्य हा येथें आमचा विषय नव्हे. आम्हांस एवढेंच दिसतें कीं मोठ्या गरजेची बाजू मांडावयास वकील असतात. फुटक्या बांधावरच्या शेतकऱ्याची गरज मांडावयास कोणी नसतें. त्याच्यासाठीं कायदा निरपवाद होतो. जो नियम बळकटापुढें वाकतो व दुबळ्यापुढें ताठ उभा राहतो, त्या नियमाविषयीं लोकांच्या मनांत आदर राहत नाहीं. आणि ज्या नियमाविषयीं आदर नाहीं तो रात्रीच्या अंधारांत मोडला जातो.

येथें यंत्राचा विचार करणें प्राप्त आहे. उपग्रह, आकाशांतून फिरणारे ड्रोन, चित्रांतील फरक आपोआप हेरणारीं गणकयंत्रें ह्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. राज्याचा किनारा सातशें किलोमीटरांहून लांब. खाड्यांचीं वळणें अगणित. कोणता वनरक्षक तेवढें पायीं फिरणार? रात्रीं गाड्या भरून राडारोडा आणून खाडींत टाकणारे लोक यंत्रानें पकडले जाऊं शकतात. यंत्र लांच घेत नाहीं, कंटाळत नाहीं, गांवांतील कोणाच्या दबावाला भीत नाहीं. हे गुण थोडे नव्हेत. पण हे सर्व गुण साक्षीदाराचे आहेत. काय झालें हें तें सांगतें. ज्याच्या बाबतींत झालें त्यास विचारीत नाहीं. चांगला साक्षीदार न्यायास अवश्य, म्हणून त्यालाच न्यायासनावर बसविणें शहाणपणाचें नव्हे. आणि राखण करणें हें तर साक्षीहून निराळेंच काम आहे.

पुनरुज्जीवनाच्या बाबतींतहि हाच धडा मिळतो. वन लावणें म्हणजे रोपें लावणें, अशी आमची सरळ समजूत असते. फिलिपाईन्समध्यें कित्येक वर्षें मोठ्या प्रमाणावर कांदळाचीं रोपें लावलीं गेलीं, पुष्कळशीं मेलीं. कारण जेथें जागा मोकळी व कोणाच्या मालकीची नव्हती तेथें, म्हणजे समुद्राकडील सखल चिखलांत, तीं लावलीं. जेथें तीं खरोखर वाढलीं असतीं तेथें आधींच कोळंबीचीं व माशांचीं तळीं झालेलीं होतीं, व त्या मालकांस हात लावण्याचें धैर्य नव्हतें. प्रत्येक जातीस भरतीची ठराविक पातळी लागते. किती वेळ पाण्याखालीं, किती वेळ उघड्यावर, ह्यावर तिचें जगणें अवलंबून असतें. फ्लॉरिडांतील रॉबिन लुईस ह्या शास्त्रज्ञानें ह्याच कारणास्तव सांगितलें कीं आधीं पाण्याची अडलेली वाट मोकळी करा. जवळ बीज देणारीं झाडें असलीं तर रान पुष्कळदां आपण होऊन येतें. ही वाट मोकळी करण्याचें काम दिसावयास सामान्य. कोठें बंद पडलेली मोरी साफ करावयाची, कोठें भरावाला खिंड पाडावयाची. रोप लावतांना छायाचित्र काढतां येतें, मोरी साफ करतांना तें काढण्याची कोणास हौस नसते. आणि कोणती मोरी केव्हां बुजली, उधाणाचें पाणी पूर्वीं कोठपर्यंत येई, हें त्या कांठच्या माणसांस विचारल्यावांचून कळत नाहीं.

आमच्या भाषेंत राखण हा एक जुना शब्द आहे. शेताची राखण करणारा माळ्यावर रात्र काढतो. त्याचा पिकांत वाटा असतो. वाटा नसेल तर तो राखणदार न राहतां पगारी पहारेकरी होतो, आणि पगार थांबला कीं पहारा थांबतो. मुळशी-मावळच्या डोंगरांत कित्येक गांवीं देवराया टिकून राहिल्या, व वर्तक आणि माधव गाडगीळ ह्या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत त्यांचा अभ्यास केला, तेव्हां विद्वानांस त्यांचें महत्त्व उमगलें. त्या केवळ देवाच्या भीतीनें टिकल्या असें आम्हांस वाटत नाहीं. ती राई आपल्या गांवाची आहे, तिच्यांतील झरा आपला आहे, हा भाव त्या भीतीच्या मागें होता. जेथें तो भाव सुटला तेथें देवाची भीतीहि फार दिवस पुरली नाहीं.

खाडीच्या कांठीं असा वाटा देतां येतो, ह्याचीं उदाहरणें आपल्याच राज्यांत आहेत. वेंगुर्ल्यास मांडवीच्या खाडींत स्वामिनी नांवाच्या बचत गटांतील स्त्रियांनीं २०१७ सालापासून होडींतून पाहुण्यांस कांदळवन दाखविण्याचा उपक्रम चालविला आहे. ज्या खाडीवर घरची मासेमारी चाले त्याच खाडीचीं झाडें व पक्षी ह्यांचीं नांवें त्या शिकल्या, व आतां रान उभें राहण्यावर त्यांचें उत्पन्न उभें आहे. राज्याच्या कांदळवन कक्षानें व प्रतिष्ठाननें किनाऱ्यावरील गांवांत खेकडे, कालवें, मासे वाढविण्याचे उद्योगहि ह्याच हेतूनें सुरू केले. केनिया देशांत गाझी येथील गांवकरी २०१३ पासून आपल्या खारफुटीनें सांठविलेल्या कर्बाचें मोल परदेशीं विकून त्या पैशांतून गांवास पाणी व शाळेस पुस्तकें पुरवितात. ह्या व्यापारांत धोका आहे. धूर सोडणाऱ्यानें पैसे टाकून मन हलकें करावें व धूर तसाच सोडावा, असें त्यांतून होऊं शकतें. परंतु राखणदारास वाटा मिळाला पाहिजे हें तत्त्व त्यांत आहे, व तें आम्हांस मान्य आहे.

ह्यावर दुसरा आक्षेप येईल, आणि तो पहिल्याहून कठीण आहे. गांवच्या लोकांस राखणदार करा म्हणतां. पण तोड तेच करीत नाहींत काय? सरपणासाठीं, कोळंबीच्या तळ्यांसाठीं, जागा विकण्यासाठीं? चोरालाच किल्ली द्यावी काय? ह्या आक्षेपांत तथ्य आहे, व तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गांव म्हणजे संतांची सभा नव्हे. इतकेंच नव्हे, गांव म्हणजे एक माणूसहि नव्हे. शेतमालकाचें हित एक, खाडींत जाळें टाकणाऱ्याचें दुसरें, आणि ओहोटीला चिखलांत उतरून खेकडे धरणाऱ्या कातकरी बाईचें तिसरें. गांवाचें मत घेतलें असें जेव्हां कागदावर लिहितात तेव्हां त्या बाईस कोणी विचारलें होतें काय? स्थानिक लोक हा शब्द उच्चारल्यानें न्याय होत नाहीं. तथापि ह्या आक्षेपाचा खरा निष्कर्ष असा निघतो कीं विचारणें अधिक काळजीपूर्वक झालें पाहिजे. विचारूंच नये असा निघत नाहीं. मुळशीचे शेतकरीहि संत नव्हते. त्यांस विचारावयास हवें होतें तें त्यांच्या सद्गुणांबद्दल नव्हे. जमीन त्यांची होती म्हणून.

आणि येथेंच यंत्राचा खरा उपयोग आम्हांस दिसतो. उपग्रहाचें चित्र केवळ शहरांतील कचेरींत न राहतां बांधावर आणलें जावें. आज तें वरून खालीं पाहतें. कांठच्या माणसाच्या हातीं आलें तर तोच त्याच्या आधारें वर विचारूं शकेल कीं, माझा बांध कोणत्या वर्षीं फुटला हें ह्यांत दिसतें आहे, पुढच्या वर्षींचें चित्र पाहा, तुम्ही आला नाहींत. जो साक्षीदार आज शेतकऱ्याविरुद्ध उभा आहे तोच त्याच्या बाजूनेंहि खरें बोलेल, कारण त्यास पक्ष नाहीं. नकाशा करणाऱ्या तरुणांनीं प्रत्येक नव्या हिरव्या पट्ट्याशेजारीं दुसरा एक रकाना ठेवावा, व त्यांत आजींच्या प्रश्नाचें उत्तर लिहावें: येथें पूर्वीं काय होतें, कोणाचें होतें, त्यास विचारलें काय, त्यास काय मिळालें. तो रकाना भरावयास यंत्र पुरणार नाहीं. चालत जावें लागेल.

हें सर्व लिहितांना एक गोष्ट आम्हांस टोंचते, ती सांगितली पाहिजे. आमच्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कुटुंबांचें वनप्रेम पुष्कळ अंशीं फुकटचें असतें. आमचें शेत कोणत्याहि भरतीखालीं नाहीं. आम्ही विजेच्या दिव्याखालीं बसून हा लेख लिहीत आहों, आणि वीज ही कोठल्या तरी गांवाच्या झिजेंतून येते हें मुळशीच्या तालुक्यांत बसून विसरतां येत नाहीं. खारफुटी राखा असें आम्ही म्हणतों तेव्हां त्याचा अर्थ बहुधा, दुसऱ्यानें राखावी, असाच असतो. ज्याचा भार आपणांवर पडत नाहीं त्या सत्कार्याचा आग्रह धरणें सोपें आहे. म्हणून आग्रहाबरोबर आपला वाटाहि पुढें केला पाहिजे. तो कर म्हणून द्यावा, मालाची रास्त किंमत म्हणून द्यावा, फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीची निकड आपल्या प्रतिनिधींस विचारून द्यावा, पण द्यावा. तें औदार्य नव्हे, थकलेलें देणें आहे.

परत जांब्यास आलों तेव्हां आजींना आम्हीं खारेपाटांतील हकीकत सांगितली. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग विचारलें, "त्या म्हाताऱ्याला कांहीं मिळालं का?" आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. त्यांनीं निवडलेले तांदूळ डब्यांत भरले व त्या आंत गेल्या. नातू पडद्यावरच्या त्या हिरव्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहत बसला होता, मग त्यानें आम्हांस विचारलें, "काका, त्या शेतकऱ्याच्या जमिनीचा गट नंबर मिळेल का?"